ग्रहण कोणास लागते?

सन २०१९ च्या डिसेंबर महिन्याची २६ वी तारीख, म्हणजे नाताळचा दुसरा दिवस, गुरुवार, मार्गशीर्ष अमावास्या. त्या सकाळी सूर्यास कंकणाकृती ग्रहण लागले. केरळातील कासरगोड, तमिळनाडूतील उदगमंडल व कोइम्बतूर ह्या बाजूस ज्यांच्या वाट्यास निरभ्र आकाश आले त्यांस काळ्या चंद्रबिंबाभोवती सूर्याचे झळझळीत कडे दिसले. आमच्या पुणे जिल्ह्यात ते कडे दिसावयाचे नव्हते; येथे ग्रहण खंडग्रास होते. तरी आठ वाजून गेल्यावर स्पर्श होऊन साडेनवाच्या आत मध्यकाळ झाला, तेव्हा सूर्यबिंबाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग झाकला गेला होता. अकराच्या सुमारास मोक्ष झाला. नगर रस्त्यावरील वाघोली गावी, जेथे जाधवराव घराण्याच्या समाध्या व वाघेश्वराचे जुने देऊळ आहे, आणि जेथे आज दगडखाणी व उंच इमारती ह्यांच्या मधल्या जागेत मजुरांची पत्र्याची खोपटी उभी आहेत, तेथून आम्ही हे ग्रहण पाहिले. ढग मधून मधून आड येत होते. वाघोली त्या वेळी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती. सन २०२१ मध्ये ती शहरात सामील झाली.

प्रिय वाचकहो, आपण सहज बोलून जातो की सूर्याला ग्रहण लागले. परंतु सूर्यास त्या दिवशी काहीच लागले नाही. त्याचे तेज तिळभर उणे झाले नाही, आणि चंद्र आपल्या नेमलेल्या वाटेने गेला. तर मग ग्रहण लागते ते कोणास? हा प्रश्न शब्दांचा खेळ म्हणून आम्ही विचारीत नाही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत त्याचे उत्तर अजून देहाने द्यावे लागते.

प्रथम जे घडते ते नीट समजून घेऊ, कारण उपदेशकास ते चार माणसांत सांगता आले पाहिजे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लक्ष ९२ हजार किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे सूर्य चंद्राहून सुमारे ४०० पट रुंद आहे. परंतु तो सुमारे ४०० पट दूरही आहे, म्हणून आपल्या डोळ्यांस दोन्ही बिंबे जवळजवळ सारखी दिसतात. चंद्राची वाट पुरती वर्तुळाकार नाही. तो कधी पृथ्वीपासून सुमारे ३ लक्ष ६० हजार किलोमीटरांवर येतो, तर कधी ४ लक्षांहूनही दूर जातो. एक रुपयाचे नाणे डोळ्यासमोर धरून दूरचा दिवा झाकावा आणि मग हात थोडा लांब करावा, म्हणजे नाण्याच्या चहूंकडून दिव्याची कड दिसू लागते. कंकणाकृती ग्रहणाचे सारे रहस्य एवढेच. डिसेंबरअखेरीस व जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ असते, म्हणून सूर्यबिंब किंचित मोठे दिसते. त्यामुळेही कडे उरण्यास साहाय्य होते.

मग राहू व केतू कोण? चंद्राची वाट आणि सूर्याची भासमान वाट आकाशात दोन ठिकाणी एकमेकींस छेदतात. ते दोन छेदबिंदू म्हणजे राहू व केतू. अमावास्येस चंद्र अशा बिंदूजवळ असला तर सूर्यग्रहण होते, एरवी होत नाही. हे ज्ञान काही गोऱ्या लोकांनी जहाजांतून आणिले नाही. आर्यभटाने सन ४९९ मध्ये ग्रहण हे छायेमुळे होते असे लिहून ठेविले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने सन १५२० मध्ये ग्रहलाघव नावाचा ग्रंथ रचिला, व त्यावरून महाराष्ट्रातील ज्योतिषी शेकडो वर्षे ग्रहणांचे गणित करीत आले. गणित करणारास राहू हा बिंदू होता हे ठाऊक होते. राक्षस उरला तो ज्यांस गणिताजवळ येऊ दिले नाही त्यांच्यासाठी.

आणि तो राक्षस आमच्याच दारी बांधण्यात आला. राहू मांगाच्या जातीचा व केतू महाराच्या जातीचा, अशी समजूत आपल्या देशी फार काळ चालत आली. ग्रहण लागले की महार व मांग ह्यांनी टोपली घेऊन गल्लोगल्ली “दे दान, सुटे गिराण” अशी आरोळी देत फिरावे, आणि घरोघरच्या लोकांनी त्यांच्या टोपलीत धान्य, जुने कपडे, तांब्याचा पैसा टाकावा; म्हणजे ग्रासणाऱ्याचे भाऊबंद तृप्त होऊन सूर्य सुटतो. आमच्या वाचकांपैकी जे साठी उलटलेले आहेत त्यांस ही आरोळी ऐकलेली आठवत असेल. कित्येकांनी ती लहानपणी बापाच्या मागे चालत दिलीही असेल.

ह्यात जे दडले आहे त्याकडे थोडे थांबून पाहा. पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार व मांग ह्यांनी सकाळी नवाच्या आधी व दुपारी तीन वाजल्यानंतर येऊ नये असा निर्बंध असल्याचे ग्रंथांतून नमूद आहे. कारण असे की सूर्य खाली असता माणसाची सावली लांब पडते, आणि ती लांब सावली वरच्या जातीच्या मनुष्यावर पडून त्यास विटाळ होईल. ज्या शहरात शनिवारवाडा सन १७३० मध्ये बांधावयास घेतला, ज्या शहरात गणिती, शास्त्री व पंडित ह्यांची वाण नव्हती, त्या शहराने माणसाच्या सावलीस भ्यावे! आणि चंद्राची सावली त्याच शहरावर पडली म्हणजे ती दूर करावयास त्याच माणसास हाक मारावी! एके दिवशी त्याची सावली विटाळ, दुसऱ्या दिवशी तोच सावलीचा सोयरा. ह्या दोन्ही कल्पनांत त्या मनुष्यास काय वाटते, हे कोणी विचारिले नाही.

विचारिले नाही म्हणून एका मुलीने स्वतःच सांगितले. पुण्यातील महात्मा फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग जातीच्या कन्येने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, व तो सन १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. आमच्या तरुण भगिनींनी तो मिळवून वाचावा. ज्यांच्या सावलीचे भय बाळगले जात होते त्यांच्यातली एक मुलगी भर उजेडात उभी राहून बोलते, हे त्यात दिसते.

आता ह्या दानाविषयी आमचे मत. काही सुशिक्षित तरुण आपल्या आजोबा-पणजोबांचा ह्या कारणासाठी तिरस्कार करितात, की त्यांनी असले दान घेतले. ते आम्हांस मान्य नाही. दुष्काळी मुलुखात ज्याच्या घरी चार दिवसांचे दाणे नाहीत त्याने ग्रहणाची ज्वारी आणून पोरांस भाकर घातली, तर त्या भाकरीत लाज कोठून आली? लाज असेल तर ती टोपलीत दाणे टाकून नंतर अंगावर पाणी घेणाऱ्याच्या हातात होती. ते दान नव्हतेच. ती एक प्रकारची फी होती: माझ्यावरचे अरिष्ट तू घेऊन जा, त्याची ही किंमत. घेणाऱ्याची भूक किती, त्याच्या घरी माणसे किती, हा हिशेब देणाऱ्याच्या मनात नसे. आपले अरिष्ट किती, एवढाच हिशेब असे. म्हणूनच सन १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर आंबेडकरांनी मृत मांस व शिळे तुकडे मागणे सोडून द्या असे लोकांस सांगितले, तेव्हा पोटाचा प्रश्न त्यांस दिसत नव्हता असे नव्हे. पोटाबरोबर मनुष्याचे दुसरे काय विकले जाते, ते त्यांस दिसत होते.

तरी एक गोष्ट आम्हांस बोचते. भय गेले तशी ती टोपलीही गेली, आणि हे बरेच झाले. परंतु तिच्या जागी काय आले? पूर्वी भीतीपोटी का होईना, वर्षा-दोन वर्षांत एकदा ज्याचे दार उघडत असे, त्याचे दार आता निर्भय होऊन बंदच राहते. आम्ही ख्रिस्ती लोक ह्या आरोपातून सुटलेले नाही. राहूला काही द्यावयाचे नाही हे आम्ही लवकर शिकलो. खाणीवर फुफ्फुसांत धूळ भरून घरी बसलेल्या शेजाऱ्यास काय द्यावयाचे, हे शिकणे चालूच आहे.

दान मागे पडले; सूतक मात्र गेले नाही. सूर्यग्रहणाचा वेध चार प्रहर आधी लागतो असे मानितात, म्हणजे सकाळच्या ग्रहणासाठी आदल्या रात्रीपासूनच अन्नपाणी वर्ज्य. येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. पंचांगे स्वतःच म्हणतात की बालक, वृद्ध, आजारी व गर्भवती ह्यांनी वेध पुष्कळ उशिरा धरावा. परंतु प्रत्यक्षात ज्या घरी बाकीची सर्व मंडळी चहा पिऊन कामास जातात, त्या घरी नियम पुरता पाळला जातो तो एका गर्भवतीवर. शास्त्राने जिला सवलत दिली तिच्याच अंगावर रूढी सर्वांत अधिक घट्ट बसते.

वर सांगितलेल्या सकाळी आम्ही नाताळच्या भेटी घेत वाघोलीतील एका वस्तीत गेलो होतो. तेथे आमच्या ओळखीची एक वृद्ध बहीण राहते. तिचा बाप्तिस्मा होऊन कितीतरी वर्षे झाली आहेत व भजनात तिचा आवाज सर्वांच्या वर असतो. तिची सून सात महिन्यांची गरोदर होती. ती पत्र्याच्या खोलीत भिंतीस पाठ लावून, पाय सरळ पसरून, पहाटेपासून बसलेली. पाण्याचा घोट नाही, विळी-सुरीस हात लावावयाचा नाही, कूस वळवावयाची नाही. दारावर जुने लुगडे आडवे टाकिले होते. कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या करंज्यांचा डबा होता. त्यावर तुळशीचे पान ठेविले नव्हते. ख्रिस्ती घरात सुधारणा तेवढी झाली होती.

आम्ही म्हटले, “मावशी, आकाशातल्या चिन्हांना भिऊ नये, हे यिर्मयाच्या पुस्तकातून आपण गेल्याच महिन्यात शिकलो की नाही?”

ती म्हणाली, “मला बी ठावं हाय, पाळकसाहेब, ती चांदाची सावली हाय म्हनून. पर उद्या लेकराचा ओठ फाटका निघाला, तर समदी वस्ती माझ्याकडं बोट दावंल. तुमच्याकडं कोन दावनार?”

वाचकहो, ह्या बोलण्यातल्या शहाणपणाचा मान राखिला पाहिजे. पुष्कळ उपदेशक अशा प्रसंगी ‘अंधश्रद्धा, अज्ञान’ असे मोठे शब्द बोलून निघून जातात. परंतु त्या म्हातारीस राहूचे भय मुळीच नव्हते. तिला भय होते ते बोटाचे. ज्या आईच्या पोटी फाटक्या ओठाचे मूल येते तिला जन्मभर ऐकावे लागते की तू ग्रहणात भाजी चिरलीस, तू सुईत दोरा ओविलास. आम्ही अशा आया पाहिल्या आहेत. मुलाचा ओठ शस्त्रक्रियेने शिवून बरा होतो. आईच्या मनातील तो ठपका शिवला जात नाही.

म्हणून आम्ही वादात न शिरता जे ठाऊक होते ते सांगितले. गर्भाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो. तो न जुळण्याची कारणे वंशात, आईच्या अन्नातील विशिष्ट जीवनसत्त्वाच्या उणिवेत, तंबाखूच्या धुरात, काही औषधांत सापडतात, आकाशात नव्हे. “मावशी, हिला सातवा महिना आहे. ओठ जुळावयाचा तो केव्हाच जुळला. आज हिच्या उपाशी बसण्याने तो जुळणार नाही, की विळीने तुटणार नाही. पण पाणी न मिळाल्याने मात्र हिला घेरी येईल.” इतके झाल्यावर आम्ही सुनेकडे वळून विचारिले की तुला काय वाटते? पहाटेपासून तिला हे कोणी विचारिले नव्हते. ती खाली पाहत म्हणाली, “मला तहान लागलीया.”

म्हातारी उठली. माठातून तांब्या भरून तिने स्वतःच सुनेच्या हाती दिला. करंजी मात्र मोक्ष होईपर्यंत दिली नाही. आम्हीही आग्रह धरिला नाही.

करंजीचा आग्रह का धरिला नाही, असे एका सहकाऱ्याने मागाहून विचारिले. सत्य हे सत्य आहे, मग अर्धे का पत्करावे? प्रश्न योग्य आहे. त्यास उत्तर देताना आम्हांस प्रेषित पौल आठवतो. मूर्तीस वाहिलेल्या अन्नाविषयी करिंथच्या मंडळीस लिहिताना तो कबूल करितो की मूर्ती काही नाही व अन्नाने कोणी बाटत नाही. तरी दुर्बळ बंधूच्या विवेकास ठेच लागत असेल तर आपण मांस सोडून देऊ, असे तो म्हणतो. आपण, म्हणजे त्याने स्वतः. दुसऱ्या कोणास उपाशी ठेवून त्याने दुर्बळाचे समाधान केले नाही. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या शेजाऱ्याच्या भावनेसाठी आम्ही स्वतः तीन तास चहा घेतला नाही, तर ती प्रीती होईल. परंतु घरातली शांती राहावी म्हणून सुनेने तहानलेले बसावे असे आम्ही म्हणू लागलो, तर आम्ही आपली नम्रता दुसऱ्याच्या देहावर खर्च करीत आहो. पाणी हा त्या मुलीच्या देहाचा प्रश्न होता. करंजी हा म्हातारीच्या मनाचा प्रश्न होता. मनास वेळ लागतो, आणि तो द्यावा.

आणि म्हणूनच भयाची परीक्षा करताना आम्ही हल्ली ‘हे भय खरे की खोटे’ एवढेच विचारीत नाही. ‘ह्याचा कर कोण भरतो’ हेही विचारितो. ग्रहणाच्या भयाचा कर पूर्वी टोपली घेऊन फिरणारा भरी. आज गर्भवती भरते. त्याच २६ डिसेंबरच्या दिवशी कर्नाटकात कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूर गावी काही अपंग लेकरांस गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेविल्याचे वृत्तपत्रांनी छापिले. ग्रहणकाळी असे केल्याने व्यंग जाते, ही तेथील समजूत. ती माणसे दुष्ट नव्हती. आपल्या लेकराने चालावे म्हणून व्याकूळ झालेली ती आईबापे होती. परंतु आशा आईबापांची, आणि माती लेकराच्या छातीवर. जे भय, किंवा जी आशा, बलवानाच्या मनात उपजते व दुर्बळाच्या अंगावर फेडली जाते, तिच्याविषयी उपदेशकाने सावध असावे. मग ती पंचांगातून आलेली असो वा आमच्या स्वतःच्या व्यासपीठावरून.

ह्याच्या उलट, ग्रहणात एक खरे भय आहे, आणि त्याचा कर ज्याचा त्यासच भरावा लागतो. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याच्या आतील पडदा भाजतो. त्या पडद्यास वेदना कळत नाही, म्हणून भाजते तेव्हा मनुष्य हसत पाहत असतो. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी डाग उभा राहतो व कित्येकांचा तो जन्मभर जात नाही. कंकणाकृती ग्रहणात तर ह्या भयापासून क्षणभरही सुटका नाही. खग्रास ग्रहणात सूर्य पुरता झाकला जातो तेवढी मिनिटे उघड्या डोळ्याने पाहता येते. परंतु कड्याच्या रूपाने उरलेली सूर्याची बारीक किनारसुद्धा डोळा जाळण्यास पुरी असते. २०१९ च्या ग्रहणात मध्यरेषेवर चंद्राने सूर्याच्या व्यासाचे शंभरांपैकी सत्याण्णव भाग झाकले, तरी दिवसाची रात्र झाली नाही.

तेव्हा काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची जुनी फिल्म, ताटातले हळदीचे पाणी ह्यांवर कोणी विसंबू नये. प्रमाणित ग्रहण-चष्मा किंवा वेल्डिंगची १४ नंबरची काच एवढीच साधने योग्य. हे काही न मिळाले तर घरातील पिठाची चाळण उन्हात धरावी व पाठ सूर्याकडे करावी. त्या दिवशी ढग सरले तेव्हा वस्तीतल्या पोरांनी ही चाळण धरिली, आणि जमिनीवर शेकडो लहान लहान चंद्रकोरी उमटल्या. प्रत्येक भोक सूर्याचे एक चित्र पाडीत होते. एका पोराने बोटांची जाळी करून तसेच केले. मग मोठी माणसेही घराबाहेर आली. आत बसलेल्या सुनेसाठी कोणी तरी लुगडे बाजूस सारिले, आणि पत्र्याच्या एका खिळ्याच्या भोकातून आलेली कोर तिच्या समोरच्या भिंतीवर पडलेली सर्वांनी पाहिली. ती बहुधा सकाळपासून तेथेच होती.

आपल्या प्रांतात ग्रहण पाहावयास लोक दूरदेशाहून आलेले आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व पुढे वऱ्हाडातून गेला. पुण्यात त्या काळी प्लेगाचा कहर चालू होता. अशा दिवसांत पुण्याच्या सायन्स कॉलेजातील वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नेगमवाला आपली यंत्रे घेऊन जेऊरास गेले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कँपबेल साहेबही तेथेच उतरले. विजयदुर्गावर लॉक्यर साहेबांनी तळ दिला; त्यांच्या दुर्बिणींचे चौथरे आजही ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवितात. (हेलियम वायूचा शोध ह्याच कट्ट्यांवर लागला असे अभिमानाने सांगतात, ते खरे नाही. त्या शोधाचे वर्ष १८६८, आणि त्या वर्षी लॉक्यर साहेब इंग्लंडात होते. स्वदेशाच्या अभिमानासही तारखा पाहाव्या लागतात.) वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर नावाच्या विदुषीने सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे घेतली. एक स्त्री उघड्या माळावर उभी राहून ग्रहणाचे चित्र घेत होती, त्याच घटकेस आसपासच्या खेड्यांतील किती स्त्रिया बंद दारांआड बसल्या असतील! आणि शहरे फार पुढे होती असेही नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मुंबईसारख्या नगरीचे रस्ते ओस पडले होते.

आता थोडे आपल्याच घरासंबंधी. कित्येक सभांतून ग्रहण म्हणजे शेवटच्या दिवसाचे चिन्ह असे सांगून तारखा नेमण्याची खोड आढळते. २१ जून २०२० च्या रविवारी, रोगसाथीमुळे मंदिरे बंद असता, दुसरे कंकणाकृती ग्रहण लागले. ते कुरुक्षेत्राकडे कड्याच्या रूपाने दिसले, आणि ज्या ब्रह्मसरोवरावर ग्रहणस्नानास लक्षावधी लोक जमतात तेथे त्या वर्षी मेळा भरला नाही. पुण्याकडे पावसाळी ढग होते. त्या दिवसांत साथ व ग्रहण ह्यांची सांगड घालणारे संदेश आमच्या मंडळ्यांतूनही हातोहात फिरत होते. ज्याची वेळ शंभर वर्षे आधी मिनिटांपर्यंत सांगता येते, ते अकस्मात आलेले चिन्ह कसे? राहू सोडून दुसऱ्या नावाने तेच भय घरात घेणे ह्यास पालट म्हणता येत नाही.

प्रभूच्या मरणसमयी पडलेला अंधार हे सूर्यग्रहण होते काय, असेही उपदेशक विचारितात. ते ग्रहण असू शकत नाही. तो सण वल्हांडणाचा होता, वल्हांडण पौर्णिमेस येते, आणि सूर्यग्रहण अमावास्येवाचून होत नाही. आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायातील भर दुपारच्या अंधाराचा संबंध मात्र इसवी सनापूर्वी ७६३ व्या वर्षी १५ जून रोजी झालेल्या, अश्शूरी लेखांत नोंदलेल्या ग्रहणाशी कित्येक विद्वान जोडतात. परंतु तो अध्याय पुन्हा उघडून पाहावा. संदेष्टा तेथे अंधारापाशी थांबत नाही. माप लहान करून, तराजू खोटा करून दरिद्र्यास विकत घेणाऱ्यांवर त्याचा रोख आहे.

यापुढील ग्रहणांची सूचना येथेच देऊन ठेवितो. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, ह्या दिवशी आफ्रिकेत व अरबस्तानात खग्रास दिसणारे ग्रहण पुण्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल. दिवस पावसाळ्याचे, तेव्हा ढगांची शक्यता धरावी. २१ मे २०३१, बुधवार, रोजी केरळ व तमिळनाडू येथून कंकणाकृती ग्रहण दिसेल व आपल्याकडे ते खंडग्रास असेल. उपदेशकांनी आठ दिवस आधी शब्बाथ शाळेत चाळणीचा प्रयोग दिव्यासमोर करून दाखवावा, चष्मे खात्रीच्या ठिकाणाहूनच मागवावे, आणि आपल्या वस्तीत त्या वेळी कोणती बहीण गरोदर आहे ह्याची चौकशी करून तिच्या घरी पहाटेच जावे. बरोबर पाण्याचा तांब्या असू द्यावा, आणि बोलणे तिच्या सासूशी आधी करावे.